सोसलेले पन्नास

महानंदा हत्तुरेचं दुखणं अठ्ठावीस भरलं.

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. शंभरापैकी अठ्ठावीस. शाळेत गणितात पडायचे तेवढेच. "नापास झाले की ओ," ती नवऱ्याला म्हणाली आणि हसली. हसताना उजव्या खांद्यातून कळ निघाली ती थेट करंगळीपर्यंत गेली, पण तिने ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही. सवयच तशी. रेवणसिद्ध मात्र हसला नाही. टॉवेलच्या कारखान्यात पंचवीस वर्षं माल तपासनीस म्हणून काढलेला माणूस. आकडा वाचून माल कुठल्या प्रतीचा ते ओळखायचं, हेच त्याचं काम. हाही आकडा त्याने लगेच ओळखला. चाळिसाच्या खाली म्हणजे 'किरकोळ'.

साडेतीन महिन्यांपूर्वी होटगी रस्त्यावर एका बिनचालकाच्या मोटारीने महानंदाच्या स्कूटरला मागून उडवलं होतं. चूक कोणाची, यावर वाद नव्हताच. २०४१ साली असले वाद उरलेच नव्हते. मोटारीने स्वतःची चूक स्वतःच नोंदवून चार सेकंदांत विमा कंपनीला कळवली होती, आणि महानंदा रस्त्यावर पडलेली असतानाच तिच्या मोबाइलवर दिलगिरीचा संदेश येऊन थडकला होता. स्कूटरच्या डब्यातल्या दोनशे कडक भाकऱ्यांचा चुरा झाला. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा ताणला गेला. हाड एकही मोडलं नाही, आणि खरं तर तिथेच घात झाला. मोडलेलं हाड निदान फोटोत तरी दिसतं.

सोलापूरची कडक भाकरी ज्याने खाल्ली नाही त्याला सांगायला हवं, की ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापून, भाजून, पुन्हा मंद आचेवर वाळवली की ती महिनाभर टिकते आणि चावताना शेजारच्या घरात ऐकू जाते. महानंदा अकराव्या वर्षापासून त्या थापत आली होती. आता तिच्या हाताखाली सहा बायका होत्या, पण पहिल्या शंभर भाकऱ्या ती स्वतः थापायची. त्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखं तिला वाटायचंच नाही. अपघातानंतर उजवा तळहात पिठावर आपटला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती पुड्या बांधायला बसू लागली.

उपाय होता. प्रयोगशाळेत वाढवलेला नसेचा धागा खांद्यात बसवायचा, म्हणजे हात पूर्ववत. मात्र अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. त्यानंतर स्नायू आपलं काम विसरतात आणि मग धागा बसवला काय नि न बसवला काय. खर्च हत्तुऱ्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. वेदनांक साठच्या वर गेला तर तो कंपनी करायची. चाळिसाच्या खाली असला तर थोडी रक्कम हातावर टेकवून प्रकरण कायमचं बंद. महानंदाला रक्कम नको होती. तिला हात हवा होता.

वेदनांक काढणाऱ्या यंत्राचं कागदोपत्री नाव वेदनामापक. सोलापुरात त्याला सगळे टोपडं म्हणत, कारण त्याचे बंद हनुवटीखाली बांधायचे असत आणि ते घातलेला भला दांडगा माणूसही बारशातल्या बाळासारखा दिसे. मेंदूत विजेची हालचाल झाली की तिच्याभोवती अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते टोपड्यातले संवेदक टिपतात. मानेच्या मागे एक पट्टी चिकटवतात. ती मणक्यातून जाणारे-येणारे संदेश मोजते. दहा दिवस मोजायचं, लाखो लोकांच्या मोजणीशी ताडून पाहायचं आणि माणसाला किती दुखतं याचा एक आकडा काढायचा.

यंत्र आलं तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते. त्याआधी भरपाई ठरायची ती वकिलाच्या गळ्यावर. जो जास्त कण्हेल त्याला जास्त, आणि खरोखर दुखणारा मुकाट बसला की त्याची थोडक्यात बोळवण. टोपड्यापुढे कण्हून उपयोग नव्हता. खोटं दुखणारे महिन्याभरात उघडे पडले. यंत्र खोटं बोलत नाही, असं मंत्री म्हणाले, आणि ते खरंच होतं. फक्त ते अर्धंच बोलत होतं.

आठवड्याने कंपनीचे निनाद खासनीस घरी आले. पुण्याचे, सभ्य, बूट दाराबाहेर काढून आत येणारे. महानंदाने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. त्यांनी दोन भाकऱ्या मनापासून खाल्ल्या, बोटं पुसली आणि टॅबवर कागद उघडला.

"ताई, अंक किरकोळ आला म्हणजे तुम्हाला कमी त्रास आहे. आनंदाचीच गोष्ट आहे ही."

"हात उचलंना झालाय ओ माझा."

"ते आम्ही मान्य करतोच. पण नियम वेदनेवर चालतो. तुम्ही मुळातच सोशिक आहात. यंत्राला तसंच दिसलं."

सोशिक. लग्न होऊन आल्यापासून हा शब्द तिच्या अंगावर दागिन्यासारखा घातला गेला होता. सासू पाहुण्यांना सांगायची, आमची सून फार सोशिक. नणंदा म्हणायच्या, वहिनीसारखं सोसावं तर वहिनीनंच. तापात थापलेल्या भाकऱ्या, तव्याला चिकटलेली बोटं, सगळं या एका शब्दात बसायचं. तिला त्याचा अभिमानच होता. आज पहिल्यांदा तो शब्द कानाला टोचला.

"विचार करून सांगते," ती म्हणाली. खासनीसांनी आणखी एक भाकरी कागदात बांधून मागितली.

सात रस्ता चौकाजवळ 'संवेदना अकादमी'चा भला मोठा फलक लागला होता. त्यावर दहावी-बारावीच्या गुणवंतांचे लावतात तसे फोटो, आणि प्रत्येक फोटोखाली आकडा. सर्वांत मोठ्या फोटोत एक गोल चेहऱ्याची बाई होती : पुष्पलता भंडारे, वेदनांक ७१, केंद्रात प्रथम. आता परीक्षा म्हटली की आपल्याकडे क्लास निघायचाच, मग ती दुखण्याची का असेना. क्लासवाले राजगुरू सर पूर्वी बारावीचं जीवशास्त्र शिकवत. रेवणसिद्धने चौकशी करून, पैसे भरून, पावती तिच्या हातात ठेवली.

"एकवीस दिवसांचा कोर्स आहे. मग कंपनीला फेरमोजणी मागता येते," तो म्हणाला. "जा की. तुझं खरंच दुखतंय. खोटं तर काही करायचं नाही."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून ती गेली.

राजगुरू सर शिकवायचे ते असं. काम करायचं नाही. गाणी, गप्पा, मोबाइल, ज्यात मन रमेल ते सगळं बंद. दुखतं तिथे लक्ष लावून बसायचं आणि कसं दुखतं ते वहीत लिहायचं : ठणका, कळ, शिणक, चमक, आग, मुंग्या. शिवाय दिवसातून तीनदा नाकात एक फवारा मारायचा. मेंदू दुखणं कमी करण्यासाठी आपल्या आपण काही द्रव्यं सोडत असतो, फवारा त्यांची वाट अडवतो. "सोसणं ही वाईट सवय आहे," सर सांगायचे. "सवय मोडा, अंक जोडा."

महानंदा शहाण्या विद्यार्थिनीसारखी सगळं करत गेली. आठव्या दिवशी सराव परीक्षेत तिचा आकडा त्रेचाळीस आला. तोवर पदर खांद्यावर टेकला तरी तिला दचकायला होत होतं. घरी तिच्या डोळ्यांत पाणी आलं की रेवणसिद्धच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड पडायचा, मग तो स्वतःच ओशाळून अंगणात जाऊन उभा राहायचा. "अजून सतरा," असं एकदा त्याच्या तोंडून निसटलं. 

नवव्या दिवशी क्लासमध्ये पुष्पलताबाईंचा सत्कार होता. त्यांनी नव्या मुलांना, म्हणजे पन्नाशीच्या आसपासच्या चाळीस मुलांना, मार्गदर्शन करावं असा बेत. फोटोपेक्षा त्या बऱ्याच वाळल्या होत्या. राजगुरू सरांनी दोन्ही हातांनी शाल उलगडली आणि फोटोग्राफरकडे पाहत ती बाईंच्या खांद्यावर घातली.

बाई किंचाळल्या नाहीत. त्या नुसत्या खाली बसल्या, जिथे होत्या तिथे, जमिनीवर, आणि शाल दोन बोटांनी अशी दूर सारली की तिच्याखाली निखारे असावेत. महानंदाने पुढे होऊन त्यांच्या मांडीवरून घरंगळलेला नारळ उचलला आणि त्यांच्या शेजारी बसली.

"उपचार झाले ना तुमचे?" तिने हळूच विचारलं.

"झाले की. हात चालतो चांगला."

"मग हे?"

"दुखण्याचं दार उघडलं ते लागंना झालंय बघा." बाई फरशीकडे पाहत बोलत होत्या. "फवारा बंद करून वर्ष झालं. नात येऊन गळ्यात पडती, आणि मला वाटतं कधी सोडल. लेकीला सांगू कसं?"

महानंदाने आपल्या पिशवीतली फवाऱ्याची बाटली काढली आणि सरांच्या टेबलावर ठेवली.

"सर, माझं नाव काढा."

"फी परत मिळणार नाही, ताई."

"ठेवा की. मला नको."

घरी यायचं ते वादळ आलंच. रेवणसिद्ध आवाज चढवणारा माणूस नव्हता, पण त्या दुपारी पुड्या बांधणाऱ्या बायकाही माना खाली घालून बसल्या.

"सात आठवडे राहिलेत. हात जाईल तुझा."

"जाईल. पण दुखायला शिकून मी काय करू? मला भाकरी थापायचीय. शाल बघून पळायचं नाही."

"जन्मभर सोसलंस, म्हणून ही वेळ आली."

"कुणासाठी सोसलं?" ती म्हणाली. "ते विचारा की एकदा."

त्याने विचारलं नाही. त्याला उत्तर माहीत होतं, आणि ते ऐकायची त्याची तयारी नव्हती. तिला मात्र बोलल्याचं वाईट वाटलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

शासकीय रुग्णालयात नसांच्या विभागात डॉक्टर तस्नीम बागवान होत्या. वय चौतिशीचं, बोलणं सोलापुरी. त्यांची आई महिन्याला पन्नास भाकऱ्या नेणारी, त्यामुळे महानंदा त्यांची मावशीच होती. महानंदा त्यांच्याकडे गेली तेव्हा फवाऱ्याचं ऐकून त्या आधी चिडल्या. नऊ दिवसच झालेत, उतरेल, असं त्यांनी तपासून सांगितलं. मग त्यांनी कंपनीकडून टोपड्याची मूळ फाईल मागवली. रुग्णाला नुसता शेवटचा आकडा देतात. मूळ फाईल डॉक्टरने मागितली तरच मिळते, आणि मागायची असते हे डॉक्टरांनाही सहसा सुचत नाही. दहा-बारा दिवसांनी फाईल आली तेव्हा त्यांनी महानंदाला बोलावून घेतलं.

"मावशी, हे बघा." पडद्यावर दोन रेषा होत्या, एक वर उसळलेली, एक खालून सपाट चाललेली. "तुमच्या खांद्यातून निघालेला संदेश अठ्ठ्याहत्तर आहे. मेंदूला जाणवतो अठ्ठावीस. मधले पन्नास कुठं गेले?"

"कुठं?"

"तुम्ही दाबले. मेंदूच्या बुडातून एक वाट खाली मणक्यात उतरते. खालून कळ वर यायला लागली की ही वाट तिला दारातच अडवते. सगळ्यांना असते ती. मैदानात पाय मोडलेला खेळाडू सामना संपेपर्यंत पळतो ना, ते तिच्या जोरावर. पण तुमची वाट फार रुळलीय. पस्तीस वर्षं तव्यावर बोटं भाजलीत, तापात कामं केलीत. रोज वापरून वापरून ती पक्की झाली."

"मग चांगलंच की."

"चांगलंय, पण फुकट नाही. उतारावर स्कूटरचा ब्रेक सारखा दाबून धरला तर काय होतं? तापतो, झिजतो. एक सांगा मला. दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो का? माणसांची नावं आठवत नाहीत? कुणी साधं बोललं तरी अंगावर जाता?"

 चार-पाच महिने महानंदा हेच सगळं लपवत होती. पुड्या बांधताना झोप लागायची म्हणून स्वतःला चिमटे काढायची. सहा बायकांतल्या दोघींची नावं दुपारनंतर तिच्या जिभेवर यायचीच नाहीत. एकीवर तर ती विनाकारण इतकी ओरडली होती, की ती बाई दोन दिवस आली नाही. वय झालं, अंगात आळस भरला, स्वभाव बिघडला, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

"म्हणजे मी आळशी नाही झाले," ती म्हणाली.

"नाही ओ मावशी. तुम्ही चोवीस तास काम करायलाव. झोपेतसुद्धा."

महानंदा रडली. फवाऱ्याने आणलेलं रडू नव्हतं हे. कुणीतरी तिचं काम पाहिलं होतं. आणि ते रडू ओसरलं तसा तिला राग आला, चांगला सणसणीत राग. हे पन्नास तिने उचलायचे, आणि ते उचलले म्हणूनच कंपनीने ते वजा करायचे. चोराने घर धुवून न्यावं आणि वर झाडून ठेवल्याबद्दल शाबासकी द्यावी, असला हा न्याय.

"प्रत्येकाच्या फाईलमध्ये असतं हे?"

"प्रत्येकाच्या. कुणी बघत नाही, एवढंच."

महानंदाने अंकाला हरकत घेतली, तेव्हा तडजोडीची बैठक जिल्हा न्यायालयाच्या मागच्या इमारतीत ठरली. तडजोड अधिकारी म्हणून निवृत्त न्यायाधीश इंदुमती गावसाने बसल्या होत्या. सत्तरीच्या, पांढऱ्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. निकाल द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. दोन्ही बाजूंचं ऐकायचं, रोजनामा, म्हणजे बैठकीची अधिकृत नोंद, लिहायचा, जमलं तर सही घ्यायची. नाही जमलं तर प्रकरण भरपाईच्या न्यायाधिकरणाकडे. तिथे किमान आठ महिने. महानंदाच्या खांद्याकडे पाच आठवडे उरले होते.

डॉक्टर तस्नीमनी फाईलमधल्या दोन रेषा दाखवल्या. खासनीसांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"विज्ञान आम्हाला मान्य आहे," ते म्हणाले. "पण आम्ही नियमाने बांधलेलो आहोत. नियम चौदा वाचतो. 'अपघातग्रस्त व्यक्तीने सोसलेल्या वेदनेची यंत्राद्वारे मोजणी करून त्या प्रमाणात भरपाई व उपचार देण्यात यावेत.' मोजणी झाली, अंक अठ्ठावीस. इथे आमचा इलाज नाही."

"परत वाचा की ओ," महानंदा म्हणाली.

खासनीसांनी पुन्हा वाचलं.

"कुठली वेदना?"

"सोसलेली."

"सोसलेली म्हणजे?"

"म्हणजे... झालेली. जाणवलेली."

"मग जाणवलेली लिहायचं होतं की." महानंदाने खुर्ची पुढे ओढली. "साहेब, तुम्ही शिकलेले आहात, पण या शब्दातलं मला जास्त कळतं. माझ्या सासूबाई मला सोशिक म्हणायच्या ते काय मी रडायची म्हणून? जे दुखलं आणि मी रडले, ते दुखलं. जे दुखलं आणि मी दाबलं, ते सोसलं. अठ्ठावीस मला जाणवले. पन्नास मी सोसले. तुमचा कागद म्हणतो सोसलेल्याचं द्या. तुम्ही जाणवलेल्याचं द्यायलाव आणि सोसलेलं वजा करायलाव. उलटं चाललंय तुमचं."

 गावसानेबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि नियमांची पुस्तिका स्वतःपुढे ओढली.

"मॅडम, मूळ मसुदा इंग्रजी आहे," खासनीस घाईने म्हणाले. "त्यात 'पेन सफर्ड' आहे. हा भाषांतराचा गोंधळ आहे."

"शेवटच्या पानावर काय लिहिलंय?" बाईंनी पानं उलटत विचारलं आणि स्वतःच वाचलं. "दोन्ही मजकुरांत तफावत आढळल्यास मराठी मजकूर ग्राह्य धरावा. भाषांतर करणाऱ्याचा शब्द चुकला असेल, किंवा त्याच्या घरी कुणी सोसणारं असेल. ते मला माहीत नाही. मी समोरचा शब्द वाचते." त्या टंकलेखकाकडे वळल्या. "रोजनाम्यात घ्या. अर्जदाराचं म्हणणं असं, की नियम चौदामध्ये सोसलेली वेदना अभिप्रेत असून ती पन्नास आहे, आणि कंपनीने नेमकी तीच वगळली आहे; ती धरली तर अंक अठ्ठ्याहत्तर होतो. प्रथमदर्शनी या म्हणण्यात तथ्य दिसतं."

खासनीसांनी थोडा वेळ मागितला. ते बाहेर जाऊन फोनवर बोलून आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज अगदी गोड होता.

"ताई, कंपनी सहानुभूतीने विचार करायला तयार आहे. तांत्रिक फेरतपासणी दाखवू. अंक बासष्ट. शस्त्रक्रिया सोमवारी, सगळा खर्च आमचा. फक्त रोजनाम्यातलं ते वाक्य दोन्ही बाजूंच्या संमतीने खोडायचं."

रेवणसिद्धने तिचा डावा हात घट्ट धरला. "हो म्हण," तो पुटपुटला. "महानंदा, हो म्हण."

तिला हो म्हणायचंच होतं. खोटं कशाला सांगा, सोमवार हा शब्द ऐकल्याबरोबर तिच्या तळहाताला पिठाचा गारवा जाणवला होता. एक वाक्य तर खोडायचं. कुणाला कळणार होतं?

"वाक्य खोडलं तर बाकीच्यांचं कसं?" तिने विचारलं.

"बाकीच्यांचा तुमच्याशी काय संबंध?"

"त्या क्लासमध्ये चाळीस माणसं बसलीत, नाकात फवारे मारून. एक बाई नातीला जवळ घेईना झाली. सगळी सोसणारी माणसं आहेत साहेब, म्हणूनच तर किरकोळ ठरली. आणि बासष्ट कशाला? फेरतपासणी कशाला? माझे अठ्ठ्याहत्तर आहेत. मला उपकार नको. कारण लिहून द्या."

"मग आम्हाला अधिकरणात जावं लागेल. आठ महिने. तुमच्याकडे पाच आठवडे आहेत, ताई. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

"जाऊ दे मग हात."

रेवणसिद्धने तिचा हात सोडला. ती मोठ्याने बोलली नव्हती. पिठाचा भाव सांगावा तशी बोलली होती.

"हात गेला तर मला वेळच वेळ," ती पुढे म्हणाली. "भाकऱ्या नाहीत, काही नाही. रोज येऊन बसते अधिकरणात. टोपड्याखालून गेलेल्या प्रत्येकाची ती दुसरी रेष मागते. किती हजार माणसं आहेत ओ तुमची, किरकोळ ठरवलेली? डॉक्टरबाई म्हणतात, प्रत्येकाची फाईल आहे. आम्हा सगळ्यांना एकच काम चांगलं येतं, साहेब. आम्ही थांबू शकतो. सोसायला आम्हाला क्लास लागत नाही."

खासनीसांनी टॅब बंद केला, पुन्हा उघडला, आणि मोबाइल घेऊन बाहेर गेले. या वेळी ते पाऊण तास आले नाहीत.

 त्या पाऊण तासात रेवणसिद्ध खिडकीशी उभा राहून पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालणाऱ्या खासनीसांकडे पाहत होता. महानंदाला भीती वाटत होती, आणि ती लपवायचे कष्ट तिने घेतले नाहीत. हात गेला तर ती आयुष्यभर स्वतःला आणि त्याला काय सांगणार होती, हे तिला ठाऊक नव्हतं. तरी ते वाक्य खोडावंसं तिला वाटेना. शेवटी रेवणसिद्ध येऊन शेजारी बसला.

"कुणासाठी सोसलंस ते मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "बोलायला तोंड नव्हतं मला."

 तिला बरं वाटलं.

खासनीस आले ते सरळ गावसानेबाईंच्या टेबलाशी गेले. उपचार कंपनी करेल. अंक अठ्ठ्याहत्तर. वाक्य तसंच राहील. फक्त कंपनी ते तत्त्वतः मान्य करत नाही, असं खाली एक ओळीत लिहावं. बाईंनी ती ओळ लिहून घेतली. "रोजनाम्याची नक्कल कुणालाही मागता येते," त्या कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, "ज्यांना हवी असेल त्यांना सांगा." डॉक्टर तस्नीमनी तिथल्या तिथे पहिली नक्कल मागितली. दुसरी महानंदाने मागितली. ती पुष्पलताबाईंना द्यायची असं तिच्या मनात होतं, आणि राजगुरू सरांच्या क्लासच्या दारावर चिकटवायला तिसरीही लागणार होती.

सहीचा कागद पुढे आला.

"डाव्या हाताचा अंगठा चालेल," खासनीस म्हणाले. "हातात दुखतंय तुमच्या. आणि माझी पुण्याची गाडी आहे."

"सही करते," महानंदा म्हणाली आणि उजव्या हातात पेन घेतलं.

म निघाला. ह निघाला. त्याचा काना काढताना खांद्यातून कळ सुटली ती बोटांपर्यंत आली, अठ्ठ्याहत्तरची, फवाऱ्याशिवायची, तिची स्वतःची. एरवी तिने दात आवळून पुढचं नाव पुरं केलं असतं आणि शेवटी वर पाहून हसली असती. तिने पेन खाली ठेवलं.

"दुखायलंय," ती म्हणाली.

रेवणसिद्धने चमकून तिच्याकडे पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि हा शब्द त्याने तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला होता. खासनीसांनी घड्याळ पाहिलं. गावसानेबाई मागे टेकून बसल्या.

"लई दुखायलंय," महानंदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "थांबा जरा."

आणि सगळे थांबले.